तात्यारावाचं सुतक

१७ जानेवारी, शुक्रवार

खोली नंबर सहा, तळमजला. गुडघ्यांमुळे खालची मागितली आणि आता पस्तावतोय. लॉजच्या फाटकापासून समुद्र एकशे दहा पावलांवर आहे, मी मोजली. काउंटरवर भक्ती नावाची पोरगी बसते. तिला विचारलं, पाणी कधी इथवर येतं का? म्हणाली, "येवचा नाय आजोबानू. आणि इलाच, तर आधी माका इचारून येतला." थट्टा करते. पण आधार कार्डाची झेरॉक्स दोन्ही बाजूंनी ठेवून घेतली. म्हणजे तसं काही झालं तर माणूस कोण होता ते कळावं, त्यासाठीच ना?

या गावाचं नाव भाटवेळ. सोनपेठ सोडून अठ्ठावीस तास झाले. परळी, लातूर, कोल्हापूर – सगळीकडं गाडी बदलली. लॉज चंदाच्या नवऱ्यानं ठरवून दिला. समुद्रात फळीवर उभं राहायला शिकायचं म्हणून इथं लांबलांबचे लोक येतात. त्यांच्यातल्या साध्या लोकांसाठी हा लॉज. भिंतीचा रंग खाऱ्या हवेनं सुटलाय, हात लावला की पापुद्रा हातात येतो. दाराची कडी नीट बसत नाही. खुर्ची लावून ठेवली आहे.

संध्याकाळपासून कुणाची तरी मोटर चालू राहिली आहे. एकसारखा आवाज. विहीर कोरडी पडून मोटर जळेल म्हणून सांगायला गेलो.  भक्ती म्हणाली, तो समुद्र आहे.

चंदा उद्या येणार. आज ड्युटी आहे म्हणे. सात वर्षांनी बाप आला तरी ड्युटी – बरं झालं एका अर्थी. एक दिवस मिळाला.

१८ जानेवारी, शनिवार

पॅसेजमध्ये चालायला जागा नाही. भिंतीला माणसापेक्षा उंच फळ्या टेकवून ठेवल्यात. दोरीवर काळे रबरी कपडे टांगलेत, हातापायांसकट, खाली पाणी गळतंय. सकाळी अर्धवट झोपेत दार उघडलं तर सोललेले बोकड वाटले. गोरी माणसं आहेत, पुण्या-बेंगलोरची पोरं-पोरी आहेत. सगळे अनवाणी, सगळ्यांच्या अंगाला वाळू. माझ्या अंथरुणातसुद्धा वाळू. दोनदा झटकलं.

कशाला आलो ते लिहून ठेवतो. म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

कासाबाई जाऊन उद्या महिना होईल. तिच्या माहेरची दीड एकर जमीन तिच्या नावावर होती. ती आता आम्हा तिघांकडं येते – मी, पोरगा रामहरी आणि चंदा. रामहरीला तिथं शेळ्यांचं शेड टाकायचं आहे, त्यासाठी सातबारा एकट्याच्या नावावर पाहिजे. मी सही दिली. चंदाची राहिली.

आणि चंदाला आई गेल्याचं माहीत नाही. कुणी कळवलं नाही. सात वर्षांपूर्वी तिनं नर्सची नोकरी धरून इथल्या कोळ्याच्या पोराशी लग्न केलं, तेव्हा मीच चावडीपुढं उभं राहून म्हणालो होतो – आजपासून मला पोरगी नाही, आणि गावच्या शिवेच्या आत तिनं पाय ठेवायचा नाही. घरात तिचं नाव काढायची बंदी केली. मग कोण कळवणार?

रामहरीनं मोबाईलवर हुडकून तिचा नंबर काढला. आबा तुला भेटायला येतायत, एवढंच सांगितलं. मला म्हणाला, "आधी सही घ्या. मग सांगा. रडायला लागली तर सही राहील बाजूला." कागदात तिसऱ्या ओळीत 'मयत कासाबाई' आहे. तेवढा भाग मागं दुमडून पुढं करायचा, हेही त्यानंच शिकवलं.

तर – दहाला चंदा आली. स्कूटीवर. अंगानं भरली आहे. चष्मा लागलाय. मला वाटलं पाया पडेल, नाहीतर भांडेल. ती दारात उभी राहून नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"मिशा कुठं गेल्या, आबा?"

मला घाम फुटला. डोक्यावरचं दिसू नये म्हणून टोपी आठवणीनं घातली होती. मिशांचं ध्यानातच आलं नाही! दहाव्याला नदीवर काढल्या, तेव्हापासून घरातले सगळे मला असंच बघतायत, मलाही सवय झाली. आमच्यात भावकीत कुणी गेल्याबिगर माणूस मिशीला वस्तरा लावत नाही. हे चंदाला सांगायला नको.

"कोण गेलं?" तिनं विचारलं. अगदी हळू.

बोलून टाकणार होतो. देवाशपथ, तोंड उघडलं होतं. आणि तोंडातून निघालं – "तात्याराव."

तात्याराव माझा चुलत भाऊ. भिंतीला भिंत लागून घर. परवा मला स्टँडवर गाडीत बसवायला तोच आला होता. खिडकीतून बिस्किटाचा पुडा दिला. त्यातली चार बिस्किटं अजून पिशवीत आहेत!

चंदा एवढा वेळ माझ्याकडं बघत राहिली की मला वाटलं पकडला गेलो. मग दारातच खाली बसली आणि रडायला लागली. ओरडून नाही. ओढणी तोंडात धरून, अंग गदगद हलत होतं. भक्ती पाणी घेऊन धावत आली. पॅसेजमधली एक गोरी बाई थांबून राहिली. चुलत्यासाठी एवढं? लहानपणी तात्याराव तिला खांद्यावर घेऊन बाजारात न्यायचा, ते खरं. पण एवढं? पाठीवर हात ठेवावा वाटलं. ठेवला नाही.

रडून झाल्यावर म्हणाली, सुतक किती दिवस धरू? म्हणालो, लग्न झालेल्या लेकीला चुलत्याचं सुतक कसलं, डोक्यावरून आंघोळ केली की झालं. ती म्हणाली, "न्हाई. कळल्यापासून तीन दिस धरते."

चालत्याबोलत्या माणसाचं सुतक. हे पाप कुठं फेडू?

१९ जानेवारी, रविवार

आज महिना.

टपरीवरून भात आणला आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवला. इथले कावळे मासे खाऊन माजलेत. भाताकडं बघेनात. तासभर उन्हात उभा राहिलो. शेजारी एक पोरगा फळीला मेण घासत होता. त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी मान हलवली.

दुपारी चंदा डबा घेऊन आली. मी म्हणालो, तुझ्या घरचं मला चालत नाही. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नसतं. एवढ्यासाठी तर लॉजवर उतरलो.

"ठाऊक हाय तुमचा नेम," ती म्हणाली. "पण हे काय माझं घर न्हाई. लॉज हाय. आन् मी शिवलेबी न्हाई, मला सुतक हाय. तुमच्या जावयानं रांधलंय. मी लांब बसून सांगितलं."

हुलग्याचे शेंगोळे होते. कोळ्याच्या पोराच्या हातचे, वाकडेतिकडे, एक बोटाएवढा तर एक मनगटाएवढा. पण लसूण भरपूर, रस्सा पातळ. कासाबाईला अस्सेच लागायचे. एवढे कशाला केले म्हणालो, तर म्हणाली, "राहू द्या. कुनाला घालायचे तर घाला."

ती हात धुवायला गेली तेव्हा वाटीभर वर नेऊन ठेवले. कावळा लगेच शिवला.

जाताना पायरीवर बसली. म्हणाली, काकाला तकलीफ झाली का? मी म्हणालो, लय नाही. सकाळी चांगले होते, शेळ्यांना पाला टाकला. दुपारी छातीत धरल्यावानी झालं. जीप बघत होतो, तर नको म्हणले, घरीच बरं.

"पानी मागितलं?"

"मागितलं. चमच्यानं दोन घोट प्याली – प्याले."

"कुनी पाजलं?"

"मी."

"बरं झालं," ती म्हणाली आणि स्कूटी चालू केली.

हे सगळं कासाबाईचं. तात्यारावाला साधा खोकलाही नाही.

२० जानेवारी, सोमवार

फोन बंद करून ठेवला आहे. तात्यारावाचा फोन चंदापुढं वाजला तर? माझ्या फोनवर नाव मोठ्या अक्षरात येतं, शिवाय फोनमधली बाई मोठ्यानं वाचूनही दाखवते. ते बंद कसं करायचं मला येत नाही.

मग रामहरीनं लॉजवर फोन केला. भक्तीनं पॅसेजमधून हाक मारली, आजोबानू, तुमचो झील! मी लुंगीवर पळत गेलो. सही झाली का? नाही. का नाही? म्हणालो, तिला सुतक आहे. "कुनाचं?" म्हणाला. काय सांगणार? तिच्या सासरचं कुणीतरी, असं सांगून ठेवून दिला.

आता तिकडं एक खोटं, इकडं एक खोटं. कुठं काय सांगितलं ते इथं लिहून ठेवायला पाहिजे. इकडं – तात्याराव. तिकडं – सासरचं.

कुणी मेल्याची खोटी बातमी उठली तर त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. तेवढाच आधार.

२१ जानेवारी, मंगळवार

चंदाच्या नवऱ्यानं समुद्रावर नेलं. काळा, सडपातळ, केस उन्हानं तांबडे झालेले. कमी बोलतो. मला आबा म्हणतो. मी कशालाच ओ दिली नाही.

रामहरी मागं म्हणाला होता, तो सर्फ शिकवतो. मला वाटलं, कपडे धुवायची पूड. त्याला काय शिकवायचं, बादलीत टाकायचं आणि खळबळायचं. मनात म्हटलं होतं, असल्या धंद्याच्या पोराला पोरगी गेली! आज बघितलं. चांगली कमावती माणसं वाळूत फळीवर पालथी झोपवतो आणि टाळी वाजवली की उठून उभं राहायला सांगतो. पाण्याला अजून हातही नाही लावला, कोरड्यातच पंधरा वेळा उठबस. मग आत नेतो. सगळे पडतात. नाकातोंडात पाणी जातं, हसतात, परत जातात. एक म्हातारी गोरी बाई होती, माझ्याच वयाची. नऊ वेळा पडली, मी मोजलं. दहाव्याला उभी राहिली, दोन पावलं जाईस्तोवर परत पडली. तिच्या घरच्यांना माहीत असेल का, ती इथं काय करतेय?

पुढं खोल पाण्यात शिकलेले लोक फळीवर नुसते बसून असतात. लाट येते, जाऊ देतात. दुसरी येते, तीही जाऊ देतात. मी त्याला विचारलं, हे कशाची वाट बघतायत? पहिल्यांदाच बोललो त्याच्याशी. तो म्हणाला, प्रत्येक लाट घ्यायची नसते आबा, पण फार थांबलं तर दिवस मावळतो.

मला टोचून बोलला का? तोंडावरून तसं वाटलं नाही. तरी दिवसभर तेच डोक्यात आहे.

चपला ओल्या झाल्या. फाटतील.

२२ जानेवारी, बुधवार

आज चंदा ड्युटीवरून तशीच आली. लॉजच्या मागं नारळाखाली सिमेंटचा बाक आहे, तिथं बसलो. सुतक संपलं म्हणाली. तात्याकाकाच्या गोष्टी काढल्या, बाजाराच्या, रेवड्यांच्या. हसलीसुद्धा. मग विचारलं –

"जाताना कुनाचं नाव घेतलं का काकानं?"

मी बाकाचा कोपरा धरून बसलो. नाही म्हणायचं, संपलं. एवढं सोपं होतं.

"घेतलं," मी म्हणालो. "तुझं."

"माझं?"

"चंदी कुठं हाय म्हनले. दोनदा."

ती समुद्राकडं बघत होती. "मग तुमी काय म्हनलात?"

"म्हनलं, निघालीय. वाटंत हाय."

 पॅसेजमधून ती पोरं फळ्या घेऊन गेली, आली. अंधार पडायला लागला तशी ती उठली. माझी टोपी वाकडी झाली होती ती सरळ केली, लहान लेकराची करतात तशी, आणि गेली.

खोटंच सांगितलं होतं मी कासाबाईला. जाणाऱ्या जिवाला बरं वाटावं म्हणून. सात वर्षांत आमच्या घरात ते नाव निघालं नव्हतं. कासाबाईनं एकदाही काढलं नव्हतं. मला वाटायचं, विसरली. बायका विसरतात, असं मला वाटायचं! आणि जाताना तेच काढलं. मला राग आला नाही. भीती वाटली. एवढी वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

निघालीय म्हटल्यावर ती शांत झाली. तिला ते खरं वाटलं असेल का?

२३ जानेवारी, गुरुवार

चंदा आली नाही. दिवसभर कडीकडं बघत बसलो. आणलेल्यातले दोन शर्ट धुतले, खाऱ्या हवेत वाळत नाहीत.

२४ जानेवारी, शुक्रवार

झालं.

रामहरीचे सकाळपासून तीन फोन लॉजवर. भक्तीही कंटाळली. मी ठरवलं, आज आधी सांगायचं, मगच कागद. पाठ करून ठेवलं होतं – "चंदे, तात्याराव न्हाई गेला. तुझी माय गेली." सातच शब्द. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला पाठ व्हायला काय हरकत आहे?

ती आली. खुर्चीवर बसली. माझ्या गुडघ्यांसाठी तेल आणलं होतं. कसं चोळायचं, खालून वर की वरून खाली, ते दाखवायला लागली. मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "एक कागद हाय. सही पायजे."

तिनं विचारलं नाही कशाचा. "मायला इचारलं का?" एवढंच म्हणाली.

"इचारलं."

"काय म्हनली?"

"कर म्हनली."

तेलाची बाटली तिच्या हातात होती. तिनं टोपण घट्ट लावलं, दोनदा फिरवून बघितलं. मग हात पुढं केला. मी कागद दुमडूनच दिला. तिनं उलगडला नाही. मांडीवर वही ठेवून तीन ठिकाणी सही केली. हळू, शाळेतल्यासारखी, माझं नाव लावून, 'चंदा येडबा'. मी म्हणालो, अगं नवऱ्याचं नाव लाव, कागदात तसं आहे. ती म्हणाली, "त्या नावाचं मानूस तुमच्या गावात कुनाला ठाऊक हाय?"

गेल्यावर बघितलं. पेन इतकं दाबून चालवलंय की अक्षरं कागदाच्या पाठीमागून हाताला लागतात.

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवला आहे. ज्यासाठी आलो ते मिळालं. दुपारी जेवण गेलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

आज तिच्या घरी गेलो. पहिल्यांदाच. पाणी घ्यायचं नाही, उंबऱ्यात उभ्यानंच सांगायचं आणि यायचं, असं मनाशी धरून गेलो. विचारत विचारत गेलो. कौलारू घर, पुढं जाळं वाळत घातलेलं, तीन मोडक्या फळ्या.

चंदा बाहेर आली आणि तिनं मागं दार ओढून घेतलं. "आत नका येऊ आबा. फरशी पुसलीया, घसराल." उन्हात उभे राहिलो दोघं. घरात पंखा चालू होता, त्याचा आवाज येत होता. मला आत घ्यायचं नव्हतं. बरोबर आहे. सात वर्षं मी शिव बंद केली, तिनं एक दार बंद केलं तर काय बोलणार?

"काय काम व्हतं?" तिनं विचारलं.

"सोमवारी सकाळच्या गाडीनं निघतो म्हणून सांगायला."

"एवढंच?"

"एवढंच."

परत येताना दोनदा थांबलो. एकदा तर मागं फिरलोही, कोपऱ्यापर्यंत. तिथं कुत्री होती.

२६ जानेवारी, रविवार

समोरच्या शाळेत झेंडा झाला. भक्तीनं जिलेबी दिली. ती म्हणाली, "आजोबानू, इतके दिस इथं ऱ्हवलास, एकदा तरी पाय बुडवलास काय पाण्यात?" बुडवले नाहीत. बुडवून काय करू?

जावई संध्याकाळी आला. (हा शब्द लिहिताना पेन थांबलं. असू दे.) उद्या सातला स्टँडवर सोडतो म्हणाला. माझी पिशवी बघून बंद बांधून दिले, त्याच्या फळ्यांच्या दोरीनं, सुटणार नाही अशी गाठ. आम्ही शेळ्यांना मारतो त्याहून वेगळी गाठ आहे. शिकवली मला. तिसऱ्यांदा जमली.

उठताना थांबला. म्हणाला, "आबा, तिच्याशी काय बोलायचं राहिलं नाही ना?"

मी म्हणालो, नाही.

 त्यानं चप्पल घातली आणि गेला.

घरी गेल्यावर पत्र लिहीन. पत्रात सगळं लिहीन. पत्राला तोंड उघडावं लागत नाही. – पण पत्र तिच्या हातात पडेल तेव्हा तिच्याजवळ कोण असेल? ड्युटीवर असली तर? नको. रामहरीला फोन करायला लावीन. नको, तो नको. तात्यारावालाच लावीन. – तात्याराव कसा करेल फोन! मेलाय तो.

२७ जानेवारी, सोमवार. स्टँडवर.

जावई सोडून गेला. चंदाची ड्युटी. आता कुणी ऐकायला नाही म्हणून फोन चालू केला, तर लगेच तात्यारावाचा आला. म्हणाला, "मला मारलंस म्हनं. बरं केलंस. आयुष्य वाढलं."

कुणी सांगितलं? चंदानं. ज्या दिवशी मी मारला त्याच दिवशी.

कासाबाई आणि चंदा दर गुरुवारी बोलायच्या. सात वर्षं. त्याच्याच फोनवरून, त्याच्याच गोठ्यात बसून. कासाबाईच्या छातीत धरलं त्या दुपारी त्यानं चंदाला कळवलं होतं. ती नवऱ्याला घेऊन तेव्हाच निघाली. भाड्याची गाडी करून, रात्रभर. दुसऱ्या दिवशी रामहरी पुण्याहून आल्यावर आम्ही सरण पेटवलं, तेव्हा ती समोर होती. गोदावरीच्या पलीकडच्या काठावर. तिकडची शिव दुसऱ्या गावाची आहे. विझेपर्यंत उभी होती, तात्याराव म्हणाला.

अग्नी दिल्यावर मागं वळून बघायचं नसतं. मी बघितलं नाही.

कोल्हापूरची गाडी गेली. मी इथंच बसलो आहे.